कपड्यांत लपवलेला कॉलर माइक : नऊवारी, सदरा आणि सळसळ

रानजाई :
नमस्कार. ध्वनिमुद्रण करणाऱ्या मंडळींच्या अनुभवाची गरज असल्यामुळे हा धागा काढत आहे. आम्ही एक छोटा कथापट करत आहोत. काळ 1940 च्या आसपासचा आहे आणि बहुतेक चित्रीकरण वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात होणार आहे. डबिंग करायचे नाही, हे पहिल्यापासून ठरलेले आहे, कारण मुख्य भूमिकेतील आजी व्यावसायिक अभिनेत्री नाहीत आणि त्या ज्या ओघात एखादे वाक्य बोलून जातात, तो ओघ स्टुडिओतल्या काचेमागे उभे करून पुन्हा मिळेल असे मला वाटत नाही. दोन कॅमेरे एकाच वेळी चालणार आहेत, एक दुरून सबंध ओसरी दाखवणारा आणि दुसरा चेहऱ्याजवळ. साहजिकच बूम, म्हणजे लांब काठीच्या टोकावरचा माइक, फार वर ठेवावा लागेल. म्हणून प्रत्येक पात्राच्या कपड्यांत बिनतारी कॉलर माइक, म्हणजे कपड्याला लावायचा छोटासा माइक, लपवण्याचा विचार आहे. चाचणी घेतली तेव्हा शब्द स्वच्छ आले, पण पदर हलला की सळसळ येते आणि मंगळसूत्राच्या वाट्या नेमक्या माइकवर आपटतात. नऊवारीत माइक आणि ट्रान्समीटर, म्हणजे माइकचा आवाज बिनतारी पाठवणारी डबी, कुठे ठेवावेत, सदरा घातलेल्या पुरुषांसाठी काय करावे आणि ही सळसळ मुळात टाळता येते का, याविषयी कृपया लिहावे.

जुनाजाणता :
एवढा खटाटोप कशासाठी? आजींना आठवडाभर सराव द्या आणि डबिंग करून टाका. मराठी चित्रपट वर्षानुवर्षे तसेच होत आले आहेत आणि प्रेक्षकांनी तक्रार केलेली नाही.

तारषड्ज :
जुनाजाणता काका, प्रेक्षकांनी तक्रार केली नाही, कारण त्यांच्यासमोर दुसरे काही ठेवलेच जात नव्हते. 2001 मध्ये ‘लगान’ आला, तो जागेवरच ध्वनिमुद्रण करून, आणि त्या वर्षीचा ध्वनिमुद्रणाचा राष्ट्रीय पुरस्कारही त्याला मिळाला. पुढे स्थळावरील ध्वनिमुद्रणासाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला आणि 62व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो ‘ख्वाडा’ या मराठी चित्रपटाने मिळवला. धनगरांच्या वाड्यावर, उघड्या माळावर जे जमते, ते वाईच्या वाड्यात जमायला हरकत नसावी.

रानजाईताई, आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. कपड्यांमुळे येणारा आवाज दोन प्रकारचा असतो आणि हा फरक ओळखल्याशिवाय कोणताही उपाय लागू पडत नाही. पहिला आवाज स्पर्शाचा असतो. कापड माइकच्या डोक्याला किंवा त्याच्या तारेला घासते आणि ते घासणे थेट आत पोहोचते. हा आवाज जाड, खरखरीत आणि बहुधा संवादापेक्षा मोठा असतो. दुसरा आवाज कापडाचा स्वतःचा असतो. रेशमाची एक घडी दुसऱ्या घडीवर सरकली की तो समोर बसलेल्या माणसालाही ऐकू येतो, आणि माइक तर हनुवटीखाली जेमतेम वीतभर अंतरावर असतो. ओळखायची रीत सोपी आहे. हेडफोन काढून ठेवा, खोलीतला पंखा बंद करा, पात्राला तीच हालचाल करायला सांगा आणि दोन पावलांवरून नुसत्या कानांनी ऐका. सळसळ तशीच ऐकू आली, तर माइकचा काहीही दोष नाही. माझे सगळे म्हणणे एवढ्यावर येऊन थांबते की आधी कापड गप्प करावे आणि मग माइक लपवावा. आपल्याकडे बरोबर उलटे होते. माइक बदलले जातात, चिकटपट्ट्या बदलल्या जातात, आणि साडी मात्र तीच राहते.

स्पर्शाचा आवाज मात्र नीट बसवणुकीने जवळजवळ पूर्ण घालवता येतो. दोन थर एकमेकांवर सरकतात आणि माइक त्यांच्यामध्ये सापडतो, हे त्याचे कारण आहे. म्हणून माइक दोन्ही थरांना चिकटवायचा, म्हणजे तिन्ही गोष्टी एकत्र हलतात आणि घासण्यासारखे काही उरत नाही. आम्ही अजूनही जुनीच रीत वापरतो. इंचभर रुंदीच्या कापडी चिकटपट्टीचा तुकडा घ्यायचा आणि चिकट बाजू बाहेर ठेवून समोशाच्या पट्टीसारख्या त्रिकोणी घड्या घालत जायचे. असे दोन त्रिकोण तयार झाले की त्यांच्यामध्ये माइक असा दाबायचा की जाळीचे टोक किंचित बाहेर राहील आणि तिला चिकट थर लागणार नाही. मग एक बाजू सदऱ्याच्या आतून आणि दुसरी खालच्या बंडीवर दाबून बसवायची. त्याच्या लगेच खाली तारेचा एक छोटा वळसा घेऊन तोही कापडाला चिकटवावा, म्हणजे पात्र वाकल्यावर तारेला बसणारी ओढ त्या वळशातच जिरते. हा वळसा घेतला नाही तर वरचे सगळे काम फुकट जाते, कारण तारेवर फिरवलेले नखसुद्धा माइकमध्ये मोठ्याने ऐकू येते. रायकोट कंपनीचे कापडी गोल किंवा बबलबी कंपनीची रबरी घरटी हेच काम अधिक सफाईने करतात. पैसे असतील तर जरूर घ्यावीत, नसतील तर अडत नाही.

सदऱ्याची बटणपट्टी ही पुरुषांसाठी उत्तम जागा आहे. तिथे कापड दुहेरी असते आणि दुसऱ्या बटणामागे माइक सहज दडतो. हे माइक सर्व दिशांनी सारखेच ऐकणारे असल्यामुळे ते उलटे, म्हणजे डोके खाली करून लावले तरी चालतात. उलट त्यामुळे श्वासाचे फटके आणि घामाचे ओघळ जाळीवर येत नाहीत. टोपी घालणाऱ्या पात्राच्या बाबतीत टोपीच्या कडेत, कपाळावर माइक ठेवण्याचा विचार अवश्य करावा. मान वळवली तरी तोंड आणि माइक यांच्यातले अंतर तेवढेच राहते. मात्र दृश्यात तो टोपी काढणार आहे का, हे आधी दिग्दर्शकाला विचारून घ्यावे.

सुईदोरा :
तारषड्ज यांनी चेंडू आमच्या विभागाकडे टोलवला आहे, तर लिहिणे भागच आहे. वेशभूषा करणाऱ्यांना ध्वनिविभाग चित्रीकरणाच्या सकाळी भेटतो, ही खरी अडचण आहे. तोवर कपडे शिवून, इस्त्री करून, दोरीवर लटकलेले असतात. कापड खरेदीच्या वेळीच तुमच्यापैकी कुणी बरोबर आले, तर दुकानातच कानाजवळ धरून चुरगाळून पाहता येते. धुऊन मऊ झालेले सुती कापड आणि लोकर ही माइकची मित्रमंडळी आहेत. नवे कोरे रेशीम, टॅफेटा, नायलॉन, पॉलिस्टर आणि कडक खळ दिलेले काहीही त्रास देते.

रानजाईताई, तुमच्या काळाचा विचार केला तर एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. 1940 मध्ये वाड्यात वावरणाऱ्या बाईच्या अंगावर रोजच्या रोज रेशीम नव्हतेच. सुती लुगडे होते. चाचणीत तुम्ही चकचकीत काठाची नवी नऊवारी वापरली असावी असा माझा अंदाज आहे. जुनी, वापरलेली सुती लुगडी मिळवा. नवीच घ्यावी लागली तर ती तीनचारदा धुऊन घ्या आणि खळ मुळीच देऊ नका. चित्रही अधिक खरे दिसेल आणि निम्मी सळसळ तिथेच जाईल. लग्नाच्या प्रसंगात पैठणी हवीच असेल, तर पदर खांद्यावर आणि छातीवर आतून दोन ठिकाणी टाचून टाका, म्हणजे तो चोळीवर सरकणार नाही.

माइकसाठी मला सर्वांत आवडणारी जागा म्हणजे खणाच्या चोळीची पुढची गाठ. तिथे कापडाचा मुळातच फुगवटा असतो, त्यामुळे आत काही दडवले आहे असा संशय येत नाही. गाठ फार घट्ट मात्र बांधू नये, नाहीतर आवाज उशीखालून आल्यासारखा येतो. अस्तर असेल तर बाजूच्या शिवणीचे दोनतीन टाके उसवून तार आतून कमरेपर्यंत न्यावी आणि वाटेत सुती नाडीचे लहान फासे शिवून ठेवावेत. असे केले की रोज सकाळी चिकटपट्ट्यांचा खेळ करावा लागत नाही. मंगळसूत्राच्या वाट्यांसाठी दोन उपाय आहेत. एक तर पोत थोडी लांब करून वाट्या माइकच्या खाली येतील असे पाहावे किंवा वाट्यांच्या मागे मऊ चिकटमातीचा हरभऱ्याएवढा गोळा लावून त्या चोळीवर बसवून टाकाव्यात. ठुशी गळ्यालगत असते, तिचा त्रास होत नाही.

तिसरा_डोळा :
कॅमेरा विभागाची बाजू कुणी मांडत नाही, म्हणून मी लिहितो. लपवलेला माइक माझ्या चौकटीत दिसत नाही हे ठीक आहे, पण छातीवरचा उंचवटा बाजूने येणाऱ्या प्रकाशात स्पष्ट दिसतो. खिडकीतून तिरपे ऊन आले की हमखास. त्यामुळे माइक बसवल्यावर एकदा प्रत्यक्ष प्रकाशयोजनेत उभे करून पाहावे. आणि दुसरे, थोडे अप्रिय म्हणणे असे की दोन कॅमेरे एकाच वेळी दूर आणि जवळ लावण्याचा हट्टच या साऱ्या त्रासाच्या मुळाशी आहे. दुरूनचे चित्रण आधी उरकले आणि मग जवळचे घेतले, तर जवळच्या वेळी बूम डोक्याच्या वीतभर वर आणता येतो आणि बूमचा आवाज कॉलर माइकपेक्षा केव्हाही नैसर्गिक असतो.

तारषड्ज :
तिसरा_डोळा, शंभर टक्के मान्य. बूम जिथे पोहोचतो तिथे मी बूमच वापरतो. पण आजींच्या बाबतीत एकदाच मिळणारा क्षण दोन्ही कॅमेऱ्यांनी पकडायचा आहे, असे रानजाईताईंच्या लिहिण्यावरून वाटते, आणि तो निर्णय दिग्दर्शकाचा आहे. अशा प्रसंगी दोन्ही मुद्रित करावेत आणि निवड संकलनाच्या टेबलावर करावी.

टेम्सकाठ :
मी इथे लंडनमध्ये नाटकांच्या ध्वनिविभागात काम करतो, चित्रपटांत नाही, तरी दोन उदाहरणे सांगण्याचा मोह होतो. 1964 च्या ‘माय फेअर लेडी’मध्ये रेक्स हॅरिसन यांनी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला, कारण आपण दोनदा एकसारखे गातच नाही असे त्यांचे म्हणणे होते. शेवटी त्यांच्या नेकटायमध्ये बिनतारी माइक लपवून गाणी जागेवरच मुद्रित केली गेली आणि त्या चित्रपटाच्या ध्वनीसाठी जॉर्ज ग्रोव्ह्झ यांना ऑस्कर मिळाले. रानजाईताईंच्या आजी आणि हॅरिसन यांची तक्रार एकच आहे. दुसरे उदाहरण 2012 च्या ‘ले मिझेराब्ल’चे आहे. तिथे कलाकार प्रत्यक्ष चित्रीकरणात गात होते आणि कापडाखाली आवाज दबू नये म्हणून ध्वनिमुद्रक सायमन हेज यांनी अनेक ठिकाणी माइक पोशाखाच्या वरच लावले. ते नंतर संगणकावर चित्रातून पुसून टाकण्यात आले. एवढा खर्च आपल्याला झेपणारा नाही, हे उघड आहे, पण स्थिर कॅमेऱ्यात आणि गडद, साध्या कापडावर एखादा माइक पुसणे आजकाल फार अवघड राहिलेले नाही. एखाद्या अगदी अडलेल्या दृश्यासाठी हा मार्ग लक्षात ठेवावा.

झुळूक :
मी ध्वनिविभागात सहायक आहे आणि स्त्री कलाकारांना माइक लावण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे असते, म्हणून वर न आलेल्या काही गोष्टी लिहिते.

माइक लावताना आपण परक्या माणसाच्या अंगाला हात लावत असतो. काय करणार आहोत ते आधी सांगावे, परवानगी घ्यावी, दार बंद असलेल्या खोलीत वेशभूषेतील बाईंच्या सोबतीने काम करावे, आणि जिथे शक्य असेल तिथे तयार केलेला माइक त्यांच्याच हाती देऊन त्यांनाच आतून दाबून बसवायला सांगावे. दुसरी गोष्ट, एकदा ट्रान्समीटर सुरू झाला की ती व्यक्ती दिवसभर जे बोलेल ते कुणाच्या तरी हेडफोनमध्ये जात असते. टेक संपला की दिग्दर्शकाकडे आणि इतरांकडे जाणारा आवाज खाली केलाच पाहिजे. आजींना हे समजावून सांगा. नातीविषयी जे बोलतील ते सगळ्या युनिटने ऐकू नये.

आजींच्या वयाचा विचार करून त्वचेवर काहीही चिकटवू नका. म्हातारपणी कातडी कागदासारखी पातळ होते आणि चिकटपट्टी काढताना सोलवटते. चोळी आणि तिच्या आतला सुती कपडा या दोन थरांमध्येच माइक बसवा. इतरांच्या बाबतीत त्वचेवर लावायची वेळ आली तर औषधांच्या दुकानात मिळणारी मायक्रोपोरसारखी पट्टीच वापरावी, आधी स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसून पूर्ण वाळू द्यावी आणि आदल्या दिवशी मनगटावर लहान तुकडा लावून खाज येत नाही ना ते पाहावे. गालिच्याला लावायची दुहेरी चिकटपट्टी माणसाला लावू नये. हे सांगावे लागते, कारण मी ती लावलेली पाहिली आहे.

ट्रान्समीटरसाठी कमरेवर, काष्ट्याच्या वर आणि किंचित बाजूला, रुंद इलॅस्टिकचा पट्टा बांधते. अगदी मधोमध ठेवला तर बसल्यावर पाठीला टोचतो आणि काष्टा खोचायलाही अडचण होते. अँटेना त्वचेला चिकटू नये आणि दुमडली जाऊ नये. ओले शरीर रेडिओ लहरी चांगल्याच शोषून घेते. धातूचा कमरपट्टा असेल तर अँटेना त्याच्यापासून दूर खाली सोडावी. नऊवारीत मांडीवरचा पट्टाही चांगला लपतो, पण आजी पाटावर बसणार असतील तर तो नको.

खर्ज :
मी संवादांचे संकलन करतो, म्हणजे तुम्ही सर्वांनी जे पाठवता ते निस्तरण्याचे काम माझ्याकडे येते. सळसळ नंतर काढता येईल या भरवशावर कृपया राहू नका. कापडाची सळसळ ज्या उंच पट्ट्यात असते, त्याच पट्ट्यात आपले स, श, च, छ असतात. सॉफ्टवेअरने सळसळ खरवडली की व्यंजनांच्या कडा बोथट होतात आणि आजी ‘सासूबाई’ म्हणतात की ‘हाहूबाई’ ते कळेनासे होते. थोडीशी, दोन शब्दांच्या मधली सळसळ काढता येते. शब्दावर पडलेली नाही.

छातीवर लावलेल्या माइकचा आवाज मुळातच वेगळा असतो, हेही लक्षात घ्यावे. छातीच्या पोकळीमुळे 700-800 हर्ट्झच्या आसपास फुगवटा येतो आणि हनुवटीच्या आडोशामुळे 3-4 किलोहर्ट्झच्या भागात, म्हणजे जिथे शब्दांची स्पष्टता असते तिथे, उणीव राहते. वर जाड कापड आले की उणीव वाढते. हे मी टेबलावर सुधारू शकतो. जागेवर कुणी इक्वलायझरशी, म्हणजे आवाजाचे उंच-खालचे पट्टे कमीजास्त करणाऱ्या साधनाशी, खेळू नये.

बूम आणि कॉलर माइक नेहमी वेगवेगळ्या ट्रॅकवर द्यावेत. आवाजाला एक मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दीड मीटर वरच्या बूममध्ये तोच शब्द कॉलर माइकपेक्षा सुमारे 4 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. दोन्ही तसेच मिसळले तर आवाज पोकळ होतो. वेगळे ट्रॅक असतील तर एक पुढेमागे सरकवून काम भागते. एकत्र करून पाठवले तर मला काहीच करता येत नाही.

रानजाई :
सर्वांचे मनापासून आभार. सुईदोराताई, अंदाज अगदी बरोबर आहे. चाचणीतली नऊवारी दुकानातून आणलेली, घडीही न मोडलेली होती. सुती लुगड्यांची चौकशी सुरू केली आहे. आणखी दोन शंका आहेत. आजी फार हळू बोलतात आणि त्याच दृश्यात त्यांचा मुलगा एकदम ओरडतो. शिवाय एक प्रसंग कृष्णेच्या घाटावर आहे, तिथे वारा असतो आणि मुलगा गुडघाभर पाण्यात उतरतो.

तारषड्ज :
दोघांचे माइक आणि ट्रॅक वेगळे असल्यामुळे पातळी प्रत्येकाची स्वतंत्र लावता येते. ओरडणाऱ्या पात्रासाठी कमी संवेदनशील माइक घ्यावा. उदाहरणार्थ, डीपीए कंपनीचे 4060 आणि 4061 हे माइक दिसायला सारखेच आहेत, पण 4061 ची संवेदनशीलता बरीच कमी आहे. पातळी तालमीवरून ठरवू नका. तालमीत कुणीही पूर्ण ताकदीने ओरडत नाही. 32 बिट फ्लोटचा, म्हणजे फार मोठा आवाजही न फाटता नोंदवणारा, रेकॉर्डर असल्यामुळे काळजी नको, असे कुणी सांगितले तर त्यांना हेही विचारा की आवाज ट्रान्समीटरमध्येच फाटला असेल तर रेकॉर्डर काय करणार. आणखी एक गोष्ट म्हणजे मुलाचे ओरडणे आजींच्या माइकमध्येही शिरेल. त्या क्षणी आजी बोलत नसतील तर हरकत नाही. दोघांचे संवाद एकमेकांवर चढू नयेत, एवढे दिग्दर्शक म्हणून तुम्ही सांभाळा.

वाऱ्यासाठी कापडाखाली माइकवर केसाळ गोल वापरावा. सदरा सैल असल्यामुळे तो फडफडण्याचीच भीती जास्त आहे. आतून बंडीला दोनतीन ठिकाणी चिकटवून टाका. पाण्यासाठी ट्रान्समीटर कमरेवरून काढून पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये न्यावा. त्याआधी तो बिनवंगणाच्या निरोधात घालून, तोंड तारेसकट घट्ट बांधून घ्यावे. ऐकायला विचित्र वाटेल आणि प्रॉडक्शनच्या मुलाला खरेदीला पाठवताना तो लाजेल, पण जगभर हीच पद्धत आहे. माइक भिजला तर तो सुकेपर्यंत बाजूला ठेवावा लागेल, म्हणून एक जादा माइक तयार असू द्या.

तिसरा_डोळा :
घाटावर जवळचे चित्रण वेगळे घेणार असाल, तर तिथे बूम देता येईल असे मी आत्ताच सांगून ठेवतो.

सुईदोरा :
बांगड्यांविषयी कुणी लिहिले नाही. काचेच्या बांगड्यांना कोणताही माइक वाचवू शकत नाही. हात चौकटीत नसतील तेव्हा त्या काढून ठेवाव्यात. दिसत असतील तेव्हा दोन बांगड्यांच्या मध्ये बारीक पारदर्शक रबर घालावे किंवा आतल्या बाजूने पारदर्शक पट्टीने तीनतीन बांगड्या एकत्र बांधाव्यात. हात हलल्यावर संपूर्ण जुडगा एकदम सरकतो, किणकिण होत नाही. खऱ्या किणकिणीचा आवाज नंतर वेगळा भरता येतो.

खर्ज :
तो वेगळा आवाज जागेवरच घेऊन ठेवा, त्याच बांगड्या, त्याच ओसरीवर. आणि ज्या टेकमध्ये एखाद्या शब्दावर सळसळ पडली असेल, तो टेक संपल्याबरोबर कॅमेरा बंद करून आजींना तेवढेच वाक्य बसल्या जागी, न हलता, पुन्हा एकदा म्हणायला सांगा. ओघ अजून ताजा असतो, खोली तीच असते आणि ते वाक्य चित्रावर बहुधा बसते. साउंड रिपोर्टमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या नोंदींच्या कागदावर, टेकच्या क्रमांकासमोर त्याची नोंद मात्र ठेवा, नाहीतर ते मला सापडत नाही.